‘खाण तशी माती’ हे कितपत खरे?

म्हणी म्हणजे अनेक पिढ्यांच्या अनुभवाचे सार होय, असे आपण मानतो आणि ते बहुतांशी योग्यही आहे. परंतु सार काढताना काही भाग गाळला जातो, हे विसरून चालत नाही. ‘खाण तशी माती’ ही अशीच एक म्हण. मुलाचे नाक आजोबांसारखे आणि आवाज वडिलांसारखा असला म्हणजे ती कौतुकाने उच्चारली जाते. पण घरातील एका वडीलधाऱ्या माणसाच्या रक्तातील साखर वाढल्याचे निदान होते, पाठोपाठ दुसऱ्याची, तिसऱ्याचीही वाढू लागते, तेव्हा हीच म्हण निराळ्या सुरात ऐकू येते. ‘आमच्या घराण्यातच मधुमेह आहे; त्याला कोण काय करणार?’ असे म्हणून माणसे स्वस्थ बसतात. या स्वस्थ बसण्याविरुद्ध चार शब्द लिहावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने 2008 ते 2020 या काळात देशभर झालेल्या एका विस्तृत पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षे व त्यावरील वयाच्या 1,13,000 हून अधिक व्यक्तींची तपासणी तीत करण्यात आली होती. तीवरून देशातील प्रौढांपैकी 11.4 टक्के, म्हणजे सुमारे 10 कोटी 10 लाख लोक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. सर्व राज्यांत पहिला क्रमांक लागला तो आपल्या गोव्याचा. येथे हे प्रमाण 26.4 टक्के आढळले. ढोबळमानाने दर चार प्रौढांमागे एक! हा वार्षिक अंक ज्या ज्या घरी जाईल, त्यांपैकी कितीतरी घरांत कोणी ना कोणी जेवणाआधी मधुमेहाची गोळी घेत असेल. तेव्हा हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. तो आपल्या माजघरातला आहे.

येथे एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. मधुमेहाचे प्रकार अनेक आहेत. काही मुलांना लहानपणीच मधुमेह होतो व त्यांना इन्शुलिन टोचून घ्यावे लागते. तो रोग निराळा. या लेखात विचार करावयाचा आहे तो बहुधा प्रौढपणी होणाऱ्या, ज्याला वैद्यकात ‘दुसऱ्या प्रकारचा’ म्हणतात त्या मधुमेहाचा, आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या पोटावरील चरबी, वाढता रक्तदाब इत्यादी चयापचयाच्या विकारांचा.

या मधुमेहात वारशाला काहीच स्थान नाही, असे कोणी म्हणणार नाही. आईवडिलांपैकी एकाला तो असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते, हे निर्विवाद आहे. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत जी जनुके असतात, त्यांपैकी कोणती या रोगाशी संबंधित आहेत, याचा शोध गेली अनेक वर्षे चालू आहे. 2006 मध्ये आइसलंडमधील संशोधकांनी अशा एका महत्त्वाच्या जनुकाकडे लक्ष वेधले. त्याचे शास्त्रीय नाव टीसीएफ 7 एल 2. पुढे या रोगाशी संबंध असलेली जनुकांमधील शेकडो स्थाने सापडली. परंतु त्यांपैकी बहुतेकांचा एकेकट्याचा प्रभाव अगदी थोडा असतो. मधुमेहाचे असे एकच जनुक नाही की जे अंगी असले म्हणजे रोग अटळ व नसले म्हणजे मनुष्य निर्भय. वारशाने आपल्या हाती येते ती रोगाकडे झुकण्याची प्रवृत्ती. प्रत्यक्ष रोग नव्हे.

शिवाय साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या समाजाची जनुके दोनतीन पिढ्यांत बदलत नाहीत. आपल्या पणजोबांचा जो वारसा होता तोच थोड्याफार फरकाने आपला आहे. मग रोग मात्र इतक्या वेगाने का वाढला? खाण तीच असून माती निराळी निघू लागली असेल, तर खाणीबाहेर काय बदलले, हे पाहिले पाहिजे. आहार बदलला, अंगमेहनत कमी झाली, ही दोन कारणे सर्वांना ठाऊक आहेत. तिसऱ्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. ते कारण म्हणजे दीर्घकाळ न सुटणारा ताण.

ताण म्हणजे केवळ मनाची अवस्था, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो शरीराचा एक सुव्यवस्थित व्यवहार आहे. पायवाटेवर अचानक फुरसे आडवे आले तर काय होते? छातीत धडधडते, श्वास वाढतो आणि काही कळण्याच्या आत पाऊल मागे सरते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या सुमारास या ‘लढा अथवा पळा’ अशा प्रतिक्रियेचे विवेचन केले. पुढे 1936 मध्ये माँट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की थंडी, इजा, अतिश्रम किंवा विषारी द्रव्य यांपैकी काहीही असो, दीर्घ त्रासाला शरीर बऱ्याच अंशी एकाच ठरावीक रीतीने तोंड देते, आणि त्यात मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी वाढतात.

याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात येते. संकटाला तोंड देण्यासाठी शरीराला इंधन हवे, म्हणून ते यकृताकडून अधिक साखर तयार करून घेते, आणि स्नायूंनी व चरबीने ती साखर ओढून घेऊ नये म्हणून इन्शुलिनच्या कामाला आळा घालते. फुरसे निघून गेले की ग्रंथी शांत होतात व सारे पूर्ववत होते. ही योजना मोठी हिताची आहे. पण संकट निघूनच गेले नाही तर? साखर रक्तात येत राहते, इन्शुलिनचा जोर अपुरा पडू लागतो, ते अधिकाधिक पुरवताना स्वादुपिंड थकते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. स्टेरॉइड जातीची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागणाऱ्या रुग्णांची साखर पुष्कळदा वाढते, हे अनेक कुटुंबांनी पाहिले असेल. ती औषधे कॉर्टिसॉलच्याच जातीची आहेत.

दीर्घ ताण म्हणजे काय, हे आपल्याकडील डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातील कुटुंबांना समजावून सांगण्याची गरज नाही. 2012 मध्ये खाणकाम थांबले. मध्यंतरी सुरू झाले न झाले तोच 2018 मध्ये ते पुन्हा बंद पडले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले आणि हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला येत राहिली. एका दिवसात कोसळणारी आपत्ती निराळी आणि रोज उशाशी येऊन बसणारी विवंचना निराळी. शरीराला जड जाते ती ही दुसरी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वारसा आणि ताण ही दोन कारणे एकमेकांशेजारी नुसती उभी असतात, की त्यांची कोठे गाठ पडते? गाठ पडते, आणि ती पेशीच्या अगदी अंतर्भागात पडते. कॉर्टिसॉल पेशीत शिरल्यावर तेथील एका विशिष्ट ग्राहक प्रथिनाला चिकटते. ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते, जनुकांच्या साखळीवर नेमक्या जागी बसते आणि काही जनुकांना कामाला लावते, काहींना गप्प करते. म्हणजे आपण ज्याला काळजी म्हणतो तिचा निरोप थेट जनुकांपर्यंत पोहोचतो. हा निरोप स्वीकारणारी यंत्रणा सर्वांत सारखी नसते. तीही जनुकांनीच घडवलेली असते. म्हणून एकाच घरात, एकाच विवंचनेत दिवस काढलेल्या दोन भावांपैकी एकाची प्रकृती ढासळते व दुसऱ्याची टिकते.

याला प्रत्यक्ष पुरावा काय, असे चौकस विद्यार्थी विचारील आणि त्याने विचारावेच. लंडनमधील 10,308 सरकारी नोकरांचा दीर्घ अभ्यास 1985 मध्ये सुरू झाला. व्हाइटहॉल हा तेथील सरकारी कचेऱ्यांचा भाग. त्याच नावाने हा अभ्यास ओळखला जातो. या नोकरांच्या कामावरील ताणाची सुमारे 14 वर्षे वेळोवेळी नोंद घेण्यात आली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या वाट्याला हा ताण तीन किंवा अधिक नोंदींत आला, त्यांच्यात मोठा कंबरघेर, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब इत्यादी विकार एकत्र आढळण्याची शक्यता ताण नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होती. विशेष हे की कामाचा ताण म्हणजे नुसते पुष्कळ काम नव्हे. मागणी मोठी, पण आपल्या कामावर आपला अधिकार नाही आणि पाठीशी उभे राहणारे कोणी नाही, ही स्थिती तेथे ताण म्हणून मोजली होती.

जनुक व ताण या दोहोंचा एकत्र विचार करणारा एक अभ्यास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केला. ईबीएफ 1 नावाच्या जनुकाचे एक विशिष्ट रूप ज्या गौरवर्णीय व्यक्तींत होते, त्यांच्यात दीर्घ ताण जसजसा अधिक तसतसा नितंबांचा घेर अधिक आढळला, आणि त्या वाटेने पुढे कंबरघेर, रक्तशर्करा व हृदयविकार यांच्याशी संबंध दिसला. ज्यांच्यात ते रूप नव्हते, त्यांच्यात ताणाचा असा परिणाम दिसला नाही. एका अभ्यासावरून सर्व मानवजातीविषयी विधान करणे योग्य नव्हे. पण वाट कोणत्या दिशेने जाते, हे त्यावरून कळते. सुरुंगाची दारू आणि ठिणगी वेगवेगळ्या असेपर्यंत फारसे काही घडत नाही.

हा परिणाम जन्मापूर्वीही पोहोचू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, पश्चिम नेदरलंड्समध्ये जर्मन सैन्याच्या नाकेबंदीमुळे भीषण उपासमार झाली. दिवसाचा शिधा काही काळ 400 ते 800 कॅलरींवर आला. भूक, थंडी व भय यांत ज्या माता गरोदर होत्या, त्यांच्या मुलांची पुढे प्रौढ वयात तपासणी झाली, तेव्हा साखर पचवण्याची त्यांची शक्ती उणी आढळली. 2008 मध्ये असेही दिसून आले की, गर्भधारणेच्या सुमारास ही उपासमार ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांहून निराळ्या होत्या. जनुकाची अक्षरे तीच होती. ती वाचण्याची रीत बदलली होती.

आपल्या जवळचे उदाहरणही आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास 1993 मध्ये हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो होते. तरीही या किरकोळ दिसणाऱ्या बालकांच्या अंगातील चरबीचे प्रमाण त्या मानाने कमी नव्हते; कमी होते ते मांस. अशा शरीराला पुढे सुबत्ता, बैठे काम व सततचा ताण भेटला म्हणजे मधुमेह तरुण वयात गाठतो. कष्ट करणाऱ्या, अर्धपोटी माउलीचा भार बालकाच्या शरीरात उतरतो तो असा. मग ‘घराण्याचा दोष’ म्हणून बोट दाखवावयाचे ते कोणाकडे?

आता कोणी म्हणेल, ‘आमच्या आजोबांना काय थोडे कष्ट होते? उन्हातान्हात शेते राखली, मैलोगणती चालले. त्यांना नाही तो तुमचा ताण!’ आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आजोबांचे कष्ट खडतर होते, यात संशय नाही. परंतु त्या कष्टांतच शरीराचे चलनवलन होते, म्हणजे कॉर्टिसॉलने रक्तात आणलेली साखर स्नायूंत खर्च होत होती. दिवेलागणीनंतर काम थांबत होते आणि झोप पुरी होत होती. आजच्या माणसाची धडधड खुर्चीवर बसल्याबसल्या होते आणि दिवा मालवल्यानंतरही हातातील मोबाइल त्याला कामाची आठवण करून देत राहतो. आणखी एक गोष्ट अशी की आजोबांच्या पिढीत कितीजण न मोजलेल्या साखरेने गेले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आहे. ‘म्हणजे रोग हा काळजी करणाऱ्याचाच अपराध!’ असा अर्थ कोणी काढील. तो काढू नये. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे किंवा जिच्या अंगावर नोकरी, स्वयंपाक आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शुश्रूषा हे सारे एकदम पडले आहे, तिला ‘काळजी करू नकोस’ असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे नियम वाचून दाखवणे होय. ताण पुष्कळदा एकट्याने निर्माण केलेला नसतो. म्हणून तो एकट्याने उतरवताही येत नाही.

तो उतरवता येतो, आणि उतरवल्यास वारशाचे ओझेही हलके होते, हीच या सर्व संशोधनातील आशेची गोष्ट आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांपैकी एका गटाला परिमित आहार, थोडे वजन घटवणे आणि आठवड्याला निदान 150 मिनिटांचा व्यायाम यांसाठी सतत मार्गदर्शन व सोबत देण्यात आली. 2002 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा या गटात मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा 58 टक्क्यांनी कमी होते. पुढे 2006 मध्ये याच व्यक्तींचे वर उल्लेखलेले टीसीएफ 7 एल 2 हे जनुक तपासले. ज्यांना त्याचे धोक्याचे रूप आईकडून व वडिलांकडून, असे दोन्हीकडून मिळाले होते, त्यांना तुलनेच्या गटात मधुमेह होण्याचा वेग इतरांच्या सुमारे 1.8 पट होता. पण ज्या गटाने आपला दिनक्रम बदलला होता त्यात हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. वारसा तोच राहिला आणि फळ बदलले.

तेव्हा आपण काय करावे? घराच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे रोग लपवू नये. सोयरीक जुळवताना मधुमेह झाकून ठेवणारी आणि नंतर सुनेच्या माहेराला बोल लावणारी माणसे आपल्या समाजात अद्याप आहेत. घराण्यात मधुमेह असल्यास तिशीपासूनच साखर तपासून घेणे, हे भिण्याचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधे मनाने सोडू नयेत, हे तर सांगावयासच नको. दुसरी गोष्ट, घरातील भार वाटून घ्यावा. संध्याकाळची भांडी, आजीचे औषध, बाजारहाट यांतले एकेक काम मुलग्यांनी व मुलींनी सारखेच उचलले, तर आईला अर्धा तास चालावयास जाता येईल. हा अर्धा तास तिच्या औषधाइतकाच मोलाचा आहे.

शाळेच्या बाबतीतही एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. शालान्त परीक्षेचे वर्ष आले की अनेक शाळांत खेळाचा तास जादा तासिकांना दिला जातो, आणि घरोघरी मुलांची झोप कापली जाते. परीक्षेची धाकधूक वाईट नाही. ती येते आणि जाते, शरीर तिला समर्थ आहे. परंतु वर्षभर न थांबणारी धास्ती आणि तुटपुंजी झोप यांचा हिशेब शरीर ठेवते. शिकागो विद्यापीठात 1999 मध्ये 11 निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार तास अंथरुणावर राहू दिले, तेव्हा तेवढ्यानेच साखर पचवण्याची त्यांची शक्ती घटली व संध्याकाळचे कॉर्टिसॉल वाढले. पुरेशी झोप मिळाल्यावर स्थिती सुधारली. ज्या राज्यात चारांतील एका प्रौढाला मधुमेह आढळला, त्या राज्यातील पंधरा वर्षांच्या मुलांचा खेळ आणि झोप काढून घेणे, हा चार गुणांसाठी केलेला फार महाग सौदा आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वाट्याला कोणती खाण यावी, हे आपणांस कोणी विचारले नव्हते. पण त्या मातीत काय पिकवावयाचे, तिला पाणी किती द्यावयाचे आणि तिच्यावर ओझे किती रचावयाचे, हे पुष्कळसे आपल्या, आपल्या घरच्या आणि आपल्या शाळेच्या हाती आहे. पालकांनी व शिक्षकांनी एकत्र बसून या गोष्टीचा विचार करावा आणि येत्या वर्षी खेळाच्या तासाची घंटा होईल, तेव्हा दहावीचा वर्गही मैदानावर दिसावा, एवढीच विनंती आहे.